आईला कॅन्सर होता, मग मलाही होणारच का?

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. इथे सांगतेय ती चौतिशीतली तरुणी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) रक्त तपासून घ्यायचंच असं ठरवून आली होती. सोबत आईही होती.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा ती ४१ वर्षांची होती, प्रकार ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे उपचार ठरवताना पाहतात त्या तिन्ही रिसेप्टरच्या चाचण्या निगेटिव्ह आलेला. मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेली. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, पण अशा घरात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं तपासायलाच हवीत; त्यांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. तरीही मी म्हटलं, "आधी आईची तपासणी करू."

मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला असता, तरी ती खरोखर सुटली की घराण्यातला दोष आपल्याला सापडलाच नाही, हे कळलं नसतं. आईमधला नेमका दोष हाती आला, की मुलीत फक्त तोच शोधायचा.

आई मात्र तयार होईना. "रिपोर्टमध्ये काही निघालं तर पोरीला हे मीच दिलं असं होईल." असं म्हणणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात तुटतं. आजार तिने भोगला, आणि अपराधीही तीच! मी त्यांना सांगितलं, हा दोष तुम्हालाही कुणाकडून तरी आलाय, कदाचित ज्यांना आयुष्यभर काहीच झालं नाही अशा तुमच्या वडिलांकडूनही. मुलाला काय जावं हे कुणाच्याच हातात नसतं. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. मी घाई केली नाही.

पुढे आईमध्ये बीआरसीए-१चा दोष सापडला आणि मुलीतही.

"म्हणजे होणारच?" तिने पुन्हा विचारलं. नाही. हा दोष असलेल्या १०० जणींपैकी साधारण ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. आकडा मोठा आहे, मी तो सौम्य करून सांगत नाही. पण तिच्या हातात वेळ होता. या वयात दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, दोन्ही करायच्या. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने नुसत्या मॅमोग्राफीत गाठ निसटू शकते. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेने धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. अंडाशयासाठी भरवशाची नियमित चाचणीच नाही, म्हणून मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात ते काढून टाकण्याचा सल्ला देतात.

तिला दुसरं मूल हवं होतं. तिने सध्या दरवर्षीच्या तपासण्या निवडल्या, शस्त्रक्रियेचा विचार बाळंतपणानंतर. मला तो निर्णय पटला.

तिच्या भावाला मात्र हा बायकांचा विषय वाटतो. दोष त्याच्यात असण्याची शक्यताही निम्मी आहे, आणि त्याला दोन मुली आहेत. त्याच्याशी आई स्वतः बोलणार आहे.