'पल्प' मासिके आणि 'मालिका'

अमेरिकेतील जुन्या 'पल्प' मासिकांना मराठीत 'सवंग मासिके' म्हणावे का, आणि त्यांत हप्त्याहप्त्याने येणाऱ्या विज्ञानकथांना 'मालिका' म्हटलेले चालेल का, अशी पृच्छा आहे.

'पल्प' हे मुळात कागदावरून पडलेले नाव आहे. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये 'आर्गसी' हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापायला घेतले आणि पुढे तशा कागदावरच्या सगळ्याच कथामासिकांना ते नाव चिकटले. हलक्या दर्जाचा अर्थ त्याला मागाहून आला, त्यामुळे 'सवंग' म्हणणे म्हणजे कथा वाचण्याआधीच निकाल देणे होय. 'लगदा-मासिक' तर ऐकवतच नाही. 'पल्प मासिक' असेच लिहावे.

'मालिका' या शब्दाची अडचण अधिक खोल आहे, कारण मराठीत तो दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो. एडगर राइस बरोज यांची मंगळावरची पहिली कादंबरी 'ऑल-स्टोरी' मासिकात फेब्रुवारी ते जुलै १९१२ या काळात सहा हप्त्यांत आली. (लेखकाने आपले डोके ठिकाणावर आहे हे सुचवण्यासाठी 'नॉर्मल बीन' असे टोपणनाव घेतले होते, छापताना त्याचे 'नॉर्मन' झाले आणि विनोद वाया गेला.) हे एकच कथानक होते व प्रत्येक हप्ता मागच्यावर अवलंबून होता. याउलट रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कोनन या योद्ध्याच्या कथा 'वीअर्ड टेल्स'मध्ये डिसेंबर १९३२ पासून येऊ लागल्या, त्यांतील बहुतेक स्वतंत्र आहेत; नायक तोच, पण कोणतीही कथा आधी वाचली तरी बिघडत नाही. गंमत अशी की याच कोननची 'द अवर ऑफ द ड्रॅगन' ही कादंबरी त्याच मासिकात डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ अशी पाच अंकांतून आली. दोन्हींना 'मालिका' म्हटले, तर 'मालिकेतील मालिका' असे काहीतरी लिहिण्याची पाळी येते.

म्हणून कोननच्या सुट्या कथांना 'कथामालिका' म्हणावे आणि हप्त्यांनी आलेल्या कृतीला 'क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी' म्हणावे. वारंवार उल्लेख करायचा असेल तर 'धारावाहिक कादंबरी' हा पर्यायही आहे, मात्र मराठी कानाला तो जरा हिंदी वळणाचा वाटतो. 'क्रमशः' लिहिताना शेवटी विसर्ग द्यावा. टंकलेखनात पुष्कळदा त्या जागी अपूर्णविराम पडतो.