रवांडाची राजधानी किगालीत एकच दिवस आहे, तर जेनोसाइड मेमोरियल (हत्याकांडाचं स्मारक) बघायला जावं का?

हो, नक्की जा, आणि घाई करू नका, निदान तीन तास तरी ठेवा. गिसोझी भागात टेकडीवर आहे, एंट्री फ्री. १९९४ मध्ये साधारण १०० दिवसांत रवांडात जे तुत्सी या समाजाच्या लोकांचं हत्याकांड झालं त्यातले अडीच लाखांहून जास्त लोक तिथेच पुरलेत, बाहेर बागेत नुसते सपाट काँक्रीटचे चौथरे दिसतात आणि आधी कळतच नाही की खाली माणसं आहेत. आत लहान मुलांचा विभाग आहे, मोठे फोटो, खाली नाव, वय, आवडता खाऊ आणि मग कसं मारलं ते. मला तिथे उभंच राहवेना. सोबत लहान मुलं असतील तर तो भाग टाळा, आणि प्लीज तिथे सेल्फी नको, शेजारी उभ्या माणसाचं कुणीतरी त्या भिंतीवर असू शकतं.