रूफिंगच्या कामात शिरायचंय, सुरुवात कशी करू?

कोर्स करू की थेट मिस्त्रीच्या हाताखाली लागू, आणि उंचीची थोडी भीती वाटते तर जमेल का, असं विचारलंय तुम्ही. भीतीचं आधी सांगतो, थोडी असलेली चांगली. ज्याला अजिबात वाटत नाही असा पोरगा मी हेल्पर म्हणून घेत नाही, तो चार दिवसांत हार्नेसचा, म्हणजे पडण्यापासून वाचवणाऱ्या पट्ट्याचा, हुक कुठे न बांधता स्वतःच्याच कमरेला अडकवून वर मोकळा फिरायला लागतो. पण वर गेल्यावर चक्कर येत असेल तर मात्र नाद सोडा.

कोर्स सेफ्टीचा किंवा फॅब्रिकेशनचा मिळाला तर जरूर करा, बाकी छताचं काम छतावरच शिकायचं. फक्त मिस्त्री निवडताना बघा की तो नुसते नवे पत्रे मारतो का गळतीची कामंपण घेतो. गळतीवाल्याकडे लागा, पैसे थोडे कमी मिळाले तरी. नव्या शेडचं काय, पत्रा मारला, बिल घेतलं, निघाले, पुढे पावसात काय झालं ते बघायला कोण जातंय.

गळतीत गंमत अशी की खाली डाग दिसतो तिथे वर भोक बऱ्याचदा नसतंच. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून उतारावर सरकतं आणि पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी, मध्ये आली की तिथे टपकतं, म्हणून डागापासून चढाच्या बाजूला शोधत जायचं. नाहीच सापडलं तर एकाने आत उभं राहायचं आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, खालून वर, थोडा थोडा भाग घेत. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काही कळत नाही.

आणि एवढं करून निघतं काय तर स्क्रू! जास्त आवळला की रबराचा वॉशर चिरडून बाहेर येतो आणि उन्हाने तडकतो, ढिला राहिला की बाजूने पाणी आत. वॉशर किंचित दबलेला, टोपीच्या कडेला जेमतेम दिसेल इतपत, बस. स्क्रू बसताना ड्रिलचा आवाज बदलतो, तिथे बोट सोडायचं, हे हाताला कळायला वेळ जातो. रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नका, रंग जळतो, ठिणग्या रुततात आणि तिथेच गंज धरतो. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं मशीन) नाहीतर कात्री वापरा, आणि ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढा.

सुरुवातीला तुम्हाला फक्त पत्रे वर चढवायला लावतील, कंटाळा येईल. तेव्हा मिस्त्री पहिला पत्रा कसा लावतो ते बघा, 3-4-5 ने, म्हणजे 3, 4 आणि 5 मापाच्या बाजूंचा त्रिकोण आखून, काटकोन काढतो की नुसत्या नजरेने. पहिला जरासा तिरका गेला की शेवटाला वीतभर फरक पडतो. नेहमीचा वारा ज्या बाजूने येतो त्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही.

सेफ्टीत सगळे कडेला घाबरतात, पण पत्र्यातून आरपार खाली गेलेली माणसंही कमी नाहीत. उजेडासाठी टाकलेले प्लास्टिकचे पत्रे धूळ बसली की ओळखू येत नाहीत आणि माणसाचं वजन पेलत नाहीत. जुने सिमेंटचे पत्रेही तसेच, त्यावर फळ्या टाकल्याशिवाय पाय ठेवू नका. त्यात बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्यामुळे ते कापणं, भोक पाडणं अजिबात नको, ती धूळ फुफ्फुसात गेली की गेली. शिडीचा पाय दर 4 फूट उंचीला भिंतीपासून 1 फूट बाहेर आणि वरचं टोक छताच्या कडेच्या वर निदान 3 फूट. ओला पत्रा किंवा जोराचा वारा असेल तर ठेकेदार कितीही ओरडला तरी चढायचं नाही.

पुढे स्वतःची कामं घ्याल तेव्हा माप उताराचं घ्या, जमिनीचं नाही. 30 अंशाच्या उताराला खालची 100 चौरस फूट जागा वर साधारण 115 होते, त्यात जोड आणि बाहेर काढलेली कड वेगळी, बरेच नवे लोक इथेच तोट्यात जातात. आणि स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांचीचे, पैसे कोण देणार ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.