पावसाळ्यात बदकांची अंडी निम्म्यावर आली, एक मादी लंगडते, काय करावे?

आपण लिहिले आहे की, करवीर तालुक्यातील आपल्या घरामागच्या परड्यात सात खाकी कॅम्पबेल माद्या आणि एक नर आहे, श्रावणापासून अंडी निम्म्यावर आली आहेत, काहींचे कवच पातळ निघते, एक मादी लंगडते, आणि खाद्य म्हणून मक्याचा भरडा, कणी व म्हशीसाठी आणलेली शेंगपेंड आपण देता. मी पशुवैद्य नाही, परंतु कोल्हापूरजवळच बरीच वर्षे बदके पाळत आलो आहे. आपल्या प्रश्नातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट अंड्यांची नसून शेंगपेंडेची आहे, म्हणून प्रथम तिच्याविषयी लिहितो.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत शेंगपेंड आणि मका यांना बुरशी फार लवकर धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. कोंबडी जेवढे सहन करते त्याच्या थोड्याशा अंशानेही बदक आजारी पडते, पिलू तर दगावतेच. हे विष मुळात उघडकीस आले तेच 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे टर्की पक्षी व बदकाची पिले मोठ्या संख्येने मेली तेव्हा. पुढे खाद्यातील हे विष ओळखण्यासाठी बदकाच्या पिलांवरच चाचणी होत असे. आपल्या पोत्यातील पेंडीचा एक तुकडा उजेडात मोडून पाहा. आतल्या बाजूस हिरवट-करडी पूड दिसली, किंवा खमंग वासाऐवजी कोंदट वास आला, तर ते पोते बदकांसाठी बाद समजावे. तुकडा स्वच्छ दिसला तरी धोका पूर्ण टळत नाही, कारण बुरशी झटकली गेली तरी विष मागे राहते. ऊन दाखवून किंवा पेंड शिजवूनही ते जात नाही. अशी पेंड म्हशीलाही घालू नये. तिचा अंश दुधात उतरतो. पावसाळ्याचे चार महिने बदकांना शेंगपेंड मुळीच न देता सोयाबीन पेंड किंवा अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य द्यावे, आणि तेही आठ-पंधरा दिवस पुरेल एवढेच आणून जमिनीपासून उंच, फळीवर ठेवावे. अंडी देणाऱ्या मादीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. नुसत्या भरड्यावर आणि कणीवर ती मिळत नाहीत, त्यामुळे पेंड बंद केल्यावर तिची जागा रिकामी ठेवू नये.

आता अंड्यांविषयी. खाकी कॅम्पबेल उत्तम व्यवस्थेत वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, मात्र परड्यातील बदकांकडून तेवढ्याची अपेक्षा धरू नये. ही जात सहसा खुडूक बसत नाही, त्यामुळे ते कारण बाजूला ठेवता येईल. दिवस लहान झाल्यानेही अंडी घटतात, परंतु तो परिणाम आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात, दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो तेव्हा जाणवतो. श्रावणात दिवस पुरेसा मोठा असतो. मला अधिक शक्यता पिसे झडण्याची वाटते. खुराड्यात पिसे पडलेली दिसत असतील आणि मादीच्या पंखाखाली हात घातल्यावर नव्या पिसांच्या टोकदार नळ्या बोटांना लागत असतील, तर ती नवा पिसारा घालण्यात गुंतली आहे. अशा वेळी दीड-दोन महिने अंडी कमी होणे किंवा थांबणे स्वाभाविक आहे आणि औषधाची गरज नसते. आणखी एक साधी बाब तपासा: बदके बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत देतात, आणि खुराडे उजाडताच उघडले तर ती उसाच्या सरीत जाऊन पडतात व मुंगसाच्या वाट्याला जातात. आठवडाभर नऊ वाजेपर्यंत दार बंद ठेवा, म्हणजे अंडी खरोखर किती कमी झाली हे कळेल.

पातळ कवचाचे कारण बहुधा कॅल्शियमची कमतरता हेच असते. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या मादीला हवा ती तो स्वतः खाते आणि नराला तो बळेच खावा लागत नाही. एखादी मादी शेपटी खाली टाकून वारंवार जोर करत असेल आणि अंडे येत नसेल, तर मात्र उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लंगडणाऱ्या मादीला उचलताना पाय धरू नका. बदकाचे पाय नाजूक असतात आणि त्यामुळे बरे होण्याऐवजी ते निखळायचे. दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला काखेत घ्या आणि तळवा वर करून पाहा. मधोमध काळी, कडक खपली आणि भोवती सूज असेल तर खरबरीत सिमेंट किंवा खडीवर वावरून झालेल्या जखमेत जंतुसंसर्ग झाला आहे. सुरुवातीच्या अवस्थेत कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवून, कोरडा करून आयोडीन लावणे आणि मऊ जागेवर ठेवणे पुरते. सूज गरम असेल तर डॉक्टरांकडूनच उपचार करून घ्यावेत. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

बदकाला पाणी हवे, पण झोपायला ओली जागा चालत नाही. डोके नाकपुड्यांसह बुडेल एवढे, म्हणजे पाच-सहा इंच खोल पाणी न मिळाल्यास डोळे फेसाळून चिकटतात. ते रोज बदलावे. घमेले खुराड्याबाहेर खडीवर ठेवावे, आत ठेवल्यास एका रात्रीत सगळे अंथरूण भिजते. अंथरुणासाठी भाताचे तूस वापरावे. उसाचे पाचट आपल्याकडे फुकट मिळते खरे, परंतु ते भिजून बुरसले की तीच बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते.

डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगाची लस साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या वयात दिली जाते. आपल्या बदकांना ती मिळाली आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. कोंबड्यांच्या रानीखेतची लस तिच्याऐवजी चालत नाही. हिरवट पातळ विष्ठा, चिकट डोळे, उजेड टाळणे आणि पाठोपाठ मृत्यू असे दिसल्यास मेलेले बदक ओढ्यात टाकू नये, कापूनही पाहू नये. दवाखान्याला कळवून उरलेली बदके परड्यातच अडकवून ठेवावीत.

लंगड्या मादीला नेताना पेंडीचा एक तुकडा, ताज्या विष्ठेचा नमुना आणि पातळ कवचाचे एक अंडे सोबत न्यावे. प्रतिजैविक दिले गेले, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तेथेच विचारून घ्यावे.