दोलकाचा तास : जड नट सावकाश का झुलला?

प्रश्न : दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना साधा दोलक (दोऱ्याला टांगलेलं, झुलणारं वजन) दाखवते. ‘वजनाने दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, बदलत नाही’ असं सांगून दोऱ्याला बोल्टच्या एका लोखंडी नटाऐवजी तीन नट अडकवले, तर वेळ जास्तच आला. मुलं हसली. कुठे चुकलं?
– एक शिक्षिका

उत्तर : नट एकाखाली एक लटकवले असणार. दोलकाची लांबी टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरतात. नटांची माळ केली की हा मध्य दीड-दोन सेंटिमीटर खाली सरकतो. ५० सेंमीच्या दोलकाला २० आंदोलनांना (एकदा जाऊन परत येणं म्हणजे एक आंदोलन) २८.४ सेकंद लागतात, ५२ सेंमीच्या दोलकाला जवळपास २९. घड्याळ खरं तेच सांगत होतं! तिन्ही नट एकाच फासात शेजारी-शेजारी बांधा, मध्य जागचा हलू देऊ नका आणि पुन्हा मोजा. आमचं म्हणाल तर पुढच्या वर्षी ही चूक मुद्दाम करा आणि कारण मुलांनाच शोधू द्या.

टांगायला खिळा नको. दोरा खिळ्याभोवती गुंडाळत-सुटत राहतो आणि लांबी बदलते. खोडरबर मधोमध चिरून त्यात दोरा दाबून धरा. लांबी रबराच्या खालच्या कडेपासून मोजा. दोरा शिवणाचा चालतो, पण नट अडकवून तो आधी ताणू द्या.

नट स्थिर असताना त्याच्या मागे खडूची उभी रेघ मारा आणि नट ती रेघ ओलांडेल तेव्हा घड्याळ सुरू करा. टोकाला नट क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मोजणी ‘शून्य’ म्हणून सुरू करायची. ‘एक’पासून केली तर १९ आंदोलनांचा वेळ २० चा म्हणून लिहिला जातो आणि त्यावरून काढलेलं गुरुत्वत्वरण (पृथ्वीच्या ओढीने पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येतं. वहीत हा आकडा दिसला की चूक कुठे झाली ते न विचारता कळतं.

आता लांबी. आधी हात वर करून विचारा : १०० सेंमीला २० आंदोलनं ४० सेकंदांत होतात, ५० सेंमीला किती? बहुतेक हात ‘२०’ला वर जातील. मोजल्यावर २८ येतात. मग २० यायला दोरा किती हवा, हे गटागटाने शोधू द्या. दोरा २५ सेंमीवर आल्यावर ‘दोलनकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो’ हे सूत्र फळ्यावर लिहा, त्याआधी नाही.

प्रश्न : दोलक किती ओढून सोडावा?

उत्तर : एक मीटरला बाजूला १० सेंमी पुरे, म्हणजे सुमारे ६ अंश. ६० अंशांना दोलनकाल ७ टक्क्यांनी वाढतो आणि पुस्तकातलं सूत्र लागू पडत नाही. नट ढकलू नका, नुसता सोडा. ढकलला तर तो गोल फिरू लागतो.