दिवसभर बसून लिहिणाऱ्या माणसाने थंडीत शरीर हलतं कसं ठेवावं?

तुम्ही धुळ्यात राहता, घरूनच लेखन करता, एरवी पहाटे फिरायला जाता. पण दिवाळीनंतर थंडी पडली की ते सुटतं आणि थेट फेब्रुवारीपर्यंत मान, कंबर आखडलेली राहते, असं तुम्ही लिहिलं आहे. मीही धुळ्याचीच. अनुवाद आणि संपादन हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणजे दिवसाचे बरेच तास खुर्चीवरच जातात. माझं पहिलं सांगणं हेच की थंडीत पहाटेचा हट्ट सोडा. फिरणं सोडू नका, फक्त त्याची वेळ बदला.

आपल्याकडे व्यायाम म्हटला की तो पहाटेच व्हायला हवा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ते बरोबरच आहे. तेव्हा खान्देशात सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. पण डिसेंबरात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला बाहेर पडलात तर मिट्ट काळोख, झोंबणारा वारा आणि त्यात जागोजागी पेटलेल्या शेकोट्यांचा धूर. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे हा धूर वर न जाता पहाटे खालीच साचून राहतो. तुम्ही जोरजोरात श्वास घेत चालता तेव्हा तोच छातीत जातो. शिवाय गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी तर अंथरुणातून उठून थेट गारठ्यात भरभर चालायला जाऊच नये. घरातल्या घरात दहा मिनिटं हातपाय हलवून, अंग गरम करून, ऊन वर आल्यावर निघावं.

नोकरदार माणसाला हे जमत नाही, कारण त्याला दहाला कचेरीत पोचायचं असतं. घरी बसून लिहिणाऱ्याला जमतं. दुपारी साडेबाराला उठून बाहेर पडलं तर आपल्याला कोण विचारणार आहे? ही सवड आपल्याला मिळालेली आहे, तर ती वापरावी.

आणि दुपारच्या उन्हाचं एक वेगळं कारण आहे. ड जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन घ्या असं सगळे सांगतात. त्या उन्हाने उब मिळते, बरं वाटतं, पण आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असते तेव्हा त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण जमिनीपर्यंत फार कमी पोचतात. डिसेंबरच्या शेवटी धुळ्यात सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हासुद्धा सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते. अंगणात उभं राहून स्वतःच बघा. म्हणजे या दिवसांत बारा ते एकची वेळ सगळ्यांत कामाची, आणि नेमके तेव्हा आपण खिडकीचे पडदे ओढून संगणकाच्या पडद्यासमोर बसलेले असतो. बाह्या वर करून वीस मिनिटं चालून या. मे महिन्यात हे करायला कुणी सांगणार नाही, पण डिसेंबरातलं दुपारचं ऊन सोसतं, हवंहवंसं वाटतं.

चालायला कुठे जावं, हा धुळ्यात प्रश्न नाही. खान्देश कंपनी सरकारकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळ्याला मुख्य ठिकाण केलं आणि पेठ आखली. त्या जुन्या भागातल्या नंबरांच्या सरळ गल्ल्या अजून तशाच आहेत. एका गल्लीने जा, पुढच्या गल्लीने परत या, घड्याळ बघायची गरज नाही. त्याहून चांगलं म्हणजे चालण्याला काम जोडा. संदर्भ हवा असेल तर तो फोनवर न शोधता राजवाडे संशोधन मंडळात नाहीतर गरुड वाचनालयात पायी जाऊन बघा. गाडी काढू नका. लिहिणाऱ्या माणसाला नुसतं तब्येतीसाठी चालणं फार दिवस पटत नाही असा माझा अनुभव आहे. पुस्तक आणायला मात्र आपण निघतो.

सुटीच्या दिवशी लळिंगचा किल्ला आहेच, आग्रा रोडला लागून. उन्हाळ्यात तो चढ जीव काढतो, हिवाळ्यात मजेत चढून होतो. चढ नको असेल तर नकाणे तलावावर जा, थंडीत तिथे पाणपक्षी उतरतात. माझ्या मते आपल्याकडे बाहेर हिंडण्याचा खरा ऋतू हाच आहे. उरलेल्या आठ महिन्यांत कधी ऊन तर कधी चिखल.

आता खुर्चीवरच्या तासांबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. सकाळी तासभर चालून पुढे आठ तास न हलता बसलं तर कंबर आखडणारच. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. बस तीच, रस्ते तेच. वाहक काही पहाटे उठून व्यायाम करत नव्हते, त्यांची हालचाल कामातच होती. आपल्यालाही तेच साधायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. २०१० च्या सूचनांमध्ये व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. आता पाच मिनिटंही हिशेबात धरतात. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ही फार मोलाची सुधारणा आहे, कारण दोन परिच्छेदांच्या मध्ये पाच मिनिटं कुणालाही काढता येतात.

माझ्या घरात हे कसं चालतं ते सांगते. टंकलेखन खुर्चीवर. मुद्रितं मात्र मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्याने तपासते. ओटा कंबरेच्या थोडा वर येतो, त्यावर कागद ठेवले तर मान वाकते, म्हणून धान्याचा मोठा डबा उपडा ठेवून त्यावर कागद टेकवते. वाचता वाचता टाचा वर उचलायच्या, खाली सोडायच्या. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की हे काम थंडावतं आणि संध्याकाळी पाय जड होतात. फोन आला की उभं राहून, फिरत बोलायचं. दुपारी जेवून लगेच बसायचं नाही, दहा मिनिटं शतपावली. जेवल्यावर स्नायू चालते असले की ते रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम चढत नाही. दुपारी पहिल्या ओळीवर येणारी झोपही यामुळे कमी होते.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. आपण गोधडी गुंडाळून लिहायला बसतो, आणि मग उठायचं म्हणजे उब सोडायची, म्हणून तास तास उठत नाही. बोटं तरीही गारच राहतात, कारण गारठ्यात शरीर हातापायांचं रक्त कमी करून आतली उब सांभाळतं. त्यावर बोटं चोळण्यापेक्षा खुर्चीवरून उठबस करणं जास्त उपयोगी. हाताचा आधार न घेता उठायचं, हळू बसायचं, दहा-बारा वेळा. मांड्यांचे स्नायू मोठे असतात, ते चालले की अंगात उब येते आणि बोटांपर्यंत पोचते. मग भिंतीला तळवे टेकून तितकेच जोर. आठवड्यातून दोन दिवस हे जरा मन लावून केलंत तर ताकदीच्या व्यायामाचीही सुरुवात होते. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, पण थंडीत पहिले दोन-तीन अगदी सावकाश घाला. गार स्नायूंना एकदम ताण दिला की लचक भरते.

लेखनाचं नुकसान होईल अशी भीती वाटत असेल तर तसं होत नाही. फिरायला निघताना सगळा लेख डोक्यात घेऊन निघू नका, एकच अडलेली जागा घ्या: हे वाक्य इथे का अडतंय, हे पात्र आता काय बोलेल. संवाद तर चालताना फार छान सुचतात, कारण तेव्हा ते आपण मनातल्या मनात बोलत असतो. आता फोनवर मराठीत बोलून मजकूर उतरवता येतो. उच्चार चुकीचे पकडले जातात, जोडाक्षरं बिघडतात, पण कच्च्या खर्ड्याला तेवढं पुरतं. रस्त्यावर बोलायचा संकोच वाटत असेल तर गच्चीवर फेऱ्या मारत बोला.

खाण्याबद्दल थोडंच. या दिवसांत भरताच्या पार्ट्या असतात आणि त्या चुकवाव्यात असं मला अजिबात वाटत नाही. उलट शेतात गेलात तर नुसतं ताटावर बसू नका. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं, ती सोलणं, मिरची-लसूण घालून ठेचणं यात हात घाला, कांद्याची पात चिरायला बसा, नंतर बांधाबांधाने चालून या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी पोटभर खा. पाण्याकडे मात्र लक्ष ठेवा, थंडीत तहान लागत नाही म्हणून पिणं राहून जातं. टेबलावर तांब्या न ठेवता स्वयंपाकघरात ठेवला तर दर वेळी उठावंही लागतं.

तुमच्या आखडण्याबद्दल एक गोष्ट पारखून घ्या. बसून उठल्यावर कंबर धरते आणि चार पावलं चालल्यावर सुटते, असं असेल तर वर लिहिलेल्या गोष्टींनी दोनेक आठवड्यांत फरक पडायला हवा. पण सकाळी उठल्यावर अंग अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेलंच राहत असेल, सांधे सुजत असतील किंवा पायात मुंग्या येत असतील, तर ते थंडीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दाटून आलं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाऊ लागलं, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. तुमचं वय आणि काही औषधं चालू आहेत का हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर उठबस आणि जोर किती, कसे वाढवायचे हे मी सविस्तर लिहीन.