जॅक रीचर मालिकेला कुणी पाच तारे देतं, कुणी एक. असं का? आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ली चाइल्डच्या जॅक रीचर कादंबऱ्यांवर वाचक इतके टोकाला जाऊन का भांडतात, आणि तीस पुस्तकांच्या ढिगातून पहिलं कोणतं उचलायचं. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी भांडणाकडे वळतो.

या मालिकेला दोन प्रकारचे वाचक येतात. एकाला कोडं सोडवायचं असतं, दुसऱ्याला रीचर हा माणूस बघायचा असतो. कोड्यासाठी आलेला पाचव्या-सहाव्या पुस्तकात कंटाळतो, कारण सांगाडा तोच. अमेरिकन लष्करी पोलिसातला माजी मेजर, सहा फूट पाच इंच, घर नाही, सामान नाही, खिशात घडीचा टूथब्रश. कपडे मळले की स्वस्तातले नवे घ्यायचे, जुने तिथेच कचऱ्यात. एखाद्या गावात उतरतो, गावात काहीतरी सडलेलं असतं, ते निस्तरतो आणि निघून जातो. माणसासाठी आलेल्याला ही पुनरावृत्ती हवीच असते. त्याची तक्रार वेगळी: त्या माणसाचा आवाज बदलला की तो चिडतो. दोघेही एक तारा देतात, पण कारणं एकमेकांच्या विरुद्ध. सरासरी काढली की दोन्ही कारणं त्यात बुडून जातात.

शैलीवरचं भांडण सगळ्यात जुनं. वाक्यं तोकडी, 'रीचर काही बोलला नाही' हे वाक्य तर इतक्यांदा येतं की चाहत्यांनी त्याचा विनोद करून टाकलाय. मारामारीचे प्रसंग घ्या. पाच जण घेरतात. चाइल्ड तिथे घड्याळ थांबवतो: म्होरक्या कोण, आधी कोण अंगावर येईल, म्होरक्या पडला की मागचे दोघे पळतील का. मूठ शक्यतो वापरायची नाही, कारण कवटीवर आपटली की हाताची बारीक हाडं मोडतात. त्यापेक्षा कोपर आणि कपाळ बरं. एवढा हिशेब पानभर चालतो आणि प्रत्यक्ष मारामारी काही ओळींत संपते. एक वाचक म्हणतो 'काय बारकावा!', दुसरा म्हणतो 'अरे, मार की एकदाचं'. हे मुद्दाम केलेलं असतं. उत्कंठेबद्दल चाइल्डचं म्हणणं सरळ आहे: घरच्यांना भूक लागावी असं वाटत असेल तर जेवण उशिरा वाढा. 'पर्स्युएडर'च्या पहिल्याच वाक्यात कळतं की पोलीस गाडीतून उतरला तेव्हा त्याला गोळी लागायला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं तुम्हाला गोड लागली तर मालिका तुमची. 'पाल्हाळ' वाटली तर पुढची पुस्तकं तुमचं मत बदलणार नाहीत.

दुसरी तक्रार शेवटांबद्दल, आणि ती मला बरीचशी पटते. चाइल्ड दरवर्षी १ सप्टेंबरला नवं पुस्तक सुरू करायचा आणि आधी कथानक आखायचा नाही. त्याचा फायदा म्हणजे सुरुवात ताजी, कारण पुढे काय होणार हे लेखकालाही ठाऊक नसतं. तोटा शेवटी दिसतो: दोन तृतीयांश पुस्तक घट्ट, मग गाठी घाईने सुटतात. योगायोगही फार. पहिल्याच 'किलिंग फ्लोअर'मध्ये (१९९७) एक योगायोग इतका मोठा आहे की तिथे पुस्तक मिटणारे वाचक मी समजू शकतो. तो गिळला की बाकीचं पुस्तक मात्र सुसाट जातं.

काही वाद एकेका पुस्तकापुरते आहेत, ते मालिकेच्या माथी मारू नका. 'नथिंग टू लूज'मध्ये (२००८) इराक युद्धाबद्दल जी भूमिका डोकावते, तिच्यावर अमेरिकेतले बरेच जुने वाचक नाराज झाले. त्या पुस्तकाचे तारे वाचताना राजकारण वजा करा. 'ब्लू मून'मध्ये (२०१९) दोन टोळ्यांच्या भांडणात इतकी माणसं पडतात की मोजदाद सुटते. 'द मिडनाइट लाइन' (२०१७) याच्या अगदी उलट: गहाणवटीच्या दुकानात दिसलेली वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीची एक अंगठी, तिच्या मालकिणीचा शोध, आणि वेदनाशामक औषधांचं व्यसन. हाणामारीसाठी आलेले त्याला 'संथ' म्हणतात. माझ्या मते उत्तरार्धातलं ते सगळ्यात माणुसकीचं पुस्तक आहे.

'६१ अवर्स'वर (२०१०) मात्र रागावण्याचा वाचकांना हक्क आहे. साउथ डकोटातला कडाक्याचा हिवाळा, पानापानावर उलटी मोजणी, आणि शेवटी रीचर वाचला की नाही हेच न सांगता पुस्तक बंद. त्याच वर्षी आलेलं 'वर्थ डाइंग फॉर' उत्तर देतं, पण फार थोडक्यात, जणू लेखकाला तो विषय संपवून टाकायचा होता. म्हणून ही दोन्ही हाताशी ठेवूनच पहिलं उघडा. तिथून रीचर व्हर्जिनियाकडे निघालेला असतो, तो 'अ वॉन्टेड मॅन' (२०१२) ओलांडून 'नेव्हर गो बॅक'मध्ये (२०१३) पोहोचतो. मधे २०११ साली आलेलं 'द अफेअर' पूर्वकथा आहे, त्यामुळे निव्वळ प्रकाशनाच्या क्रमाने जाणाऱ्याचा धागा तिथे तुटतो. या चौघांपुरता क्रम पाळा, 'द अफेअर' नंतर कधीही चालेल.

आता खरी मोठी भेग: २०२०. पहिल्या २४ कादंबऱ्या ली चाइल्डने एकट्याने लिहिल्या. २५व्या 'द सेंटिनल'पासून धाकटा भाऊ अँड्र्यू सहलेखक झाला. तो आधीपासून अँड्र्यू ग्रँट या नावाने थ्रिलर लिहीत होता, म्हणजे हात नवशिका नाही. पण 'द सेंटिनल'मधला रीचर बोलका झाला. समजावून सांगतो, टोमणे मारतो, कारणं देतो. मोबाइलसुद्धा न बाळगणाऱ्या माणसासमोर तिथे रॅन्समवेअरचं, म्हणजे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागण्याचं, प्रकरण येतं. ज्यांना गप्प रीचर हवा होता ते तिथेच उतरले. नव्याने आलेल्यांना मात्र यात काही खटकत नाही, त्यांना पुस्तक वेगवान वाटतं. दोघांचे तारे एकाच खात्यात जमा होतात, म्हणून उशिराच्या पुस्तकांचा सरासरी आकडा फारसा उपयोगाचा नाही.

वयाचा मुद्दाही निघतो. रीचरचा जन्म १९६०चा, म्हणजे अलीकडच्या पुस्तकांत साठी ओलांडलेला गृहस्थ एका वेळी पाच जणांना लोळवतो. इथे कॅलेंडर घेऊन बसण्यात अर्थ नाही.

अभिप्राय वाचायचे तर तीन तारेवाले आधी वाचा. त्यांनी पुस्तक संपवलेलं असतं आणि काय आवडलं, काय नाही हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. एक तारेवाल्यांमध्ये फाटकी प्रत, महागडी किंमत आणि पडद्यावरच्या नटावरचा राग असं सगळं मिसळलेलं असतं. सिनेमात रीचर झालेल्या टॉम क्रूझच्या उंचीवरून २०१२ साली झालेला गदारोळ कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य दिसलं की आधी पुस्तकाचं साल बघा.

सुरुवात कुठून? कोडं आवडत असेल तर 'वन शॉट' (२००५). सहा गोळ्या, पाच मृत, काही तासांत आरोपी हातात, पार्किंग मीटरमधल्या नाण्यावर त्याच्या बोटाचा ठसासुद्धा सापडतो. पुरावा इतका चोख की तोच खटकतो. तपासाची शिस्त बघायची असेल तर 'द एनिमी' (२००४): काळ १९९०चा अगदी आरंभ, रीचर अजून वर्दीत, एक जनरल मोटेलमध्ये मरून पडलेला आणि त्याची ब्रीफकेस गायब. माणूस बघायचा असेल तर 'किलिंग फ्लोअर' किंवा 'पर्स्युएडर'. दोन्ही प्रथमपुरुषी आहेत. एकट्याने लिहिलेल्या २४मधली सहाच अशी 'मी'ने सांगितलेली आहेत आणि त्यांत त्याचा कोरडा विनोद जास्त जाणवतो. टोळीने मिळून केलेला तपास हवा तर 'बॅड लक अँड ट्रबल' (२००७): बँक खात्यात अचानक १,०३० डॉलर जमा होतात, आणि तो आकडा म्हणजे लष्करी पोलिसांचा मदतीचा सांकेतिक क्रमांक असतो.

अ‍ॅलन रिचसनची 'रीचर' ही वेबमालिका पाहून झाली असेल तर पहिल्या तीन हंगामांची पुस्तकं अनुक्रमे 'किलिंग फ्लोअर', 'बॅड लक अँड ट्रबल' आणि 'पर्स्युएडर' आहेत. शेवट माहीत असताना ती पहिली घेऊ नका, 'वन शॉट' किंवा 'द एनिमी' घ्या. पन्नास पानं वाचून बघा. नाहीच जमलं तर आणखी एकच संधी द्या, तीही दुसऱ्या निवेदनातल्या पुस्तकाला: 'तो'वालं फसलं असेल तर 'मी'वालं.

आणि चौथं पुस्तक घेताना नाव बघून घ्या. अमेरिकेत ते 'रनिंग ब्लाइंड' म्हणून छापलं आणि ब्रिटनमध्ये 'द व्हिजिटर' म्हणून. वेगळी समजून दोन्ही विकत घेणारे बरेच निघतात.